चूलबंद आवतन

वाशिमला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ज्या खोलीत राहिले, ती माणसांसाठी बांधलेली नव्हती. घरमालकीण काकूंच्या घरामागे, अंगणातल्या नळाच्या पलीकडे, पत्र्याचं छप्पर घातलेली ती एक लांबट जागा. पूर्वी तिथे बैलांच्या चाऱ्याचं कुटार साठवत. पुढे बैल विकले, शेत बटाईनं दिलं, आणि काकूंनी भिंतींना चुना मारून बाहेर 'रूम भाड्याने देणे आहे' असा पुठ्ठा लटकवला. कुटाराचा वास मात्र भिंतींनी सोडला नव्हता. हवा दमट झाली की तो बाहेर यायचा, आणि आपण चुकून कुणाच्या तरी गोठ्यात नाव नोंदवलंय असं मला वाटायचं. आत एक लोखंडी पलंग, एक खिडकी, एक बल्ब. दारामागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, चुन्यातूनही दिसणारा काजळीचा हातभर डाग होता. माझ्या आधी तिथे दोन मुलं राहून गेली होती, त्यांच्या स्टोव्हचा. हे सांगायचं कारण असं की मला खोली देताना काकूंनी एकच अट घातली होती. खोलीत काही शिजवायचं नाही.

त्याआधी मी नऊ घरं पाहिली होती. मुलींच्या वसतिगृहात पदव्युत्तरच्या जागा मोजक्याच, आणि यादी माझ्या नावाच्या दोन नावं वर येऊन थांबली. मग दुपारच्या उन्हात वह्यांची पिशवी घेऊन गल्लीगल्लीतून पुठ्ठे वाचत फिरणं आलं. घरमालकांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला असे. गाव कोणतं, कॉलेज कोणतं, घरी कोण कोण असतं, आणि मग अगदी सहज, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगता सांगता, आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. पुठ्ठा तसाच लटकत असायचा आणि खोली कालच गेलेली असायची. काकूंनी असं फिरवून फिरवून काही विचारलं नाही. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर आठी कायमची बसलेली. दारातच उभ्या राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जयभीमवाल्या काय वं तुमी?"

"हो."

"बरं. मले काय करायचं हाये. पन खोलीत स्वयंपाक नाही करायचा. डबा लाव."

"काहून?"

"पत्रा हाये वर. आग लागते."

मी काजळीच्या डागाकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. दोघींनी तो विषय तिथेच सोडला, कारण मला खोली हवी होती आणि त्यांना भाडेकरू. ती अट पत्र्यासाठी होती की माझ्यासाठी, हे आज इतक्या वर्षांनी मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मला पक्कं माहीत होतं, आणि त्याचा राग मी कुणालाही न दाखवता रोज उशाशी घेऊन झोपत होते.

माझे माय-बाबा तेव्हा पुण्याला होते. आमचं गाव अनसिंगच्या पुढे. बाबा गवंडीकाम करायचे, पण पाठ गेली आणि थापी सुटली. मग ओळखीतल्या कुणीतरी पुण्यात एका बांधकामावर राखणदारीचं काम लावून दिलं. माय, बाबा आणि धाकटा भाऊ तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. गावातल्या घराला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली मायच्या कमरेला, पुण्यात. त्यामुळे 'घरी जाऊन येते' हे जे वाक्य माझ्या वर्गातल्या मुली शनिवारी सकाळी इतक्या सहज बोलत, ते माझ्या तोंडी राहिलंच नाही. शनिवार-रविवारी कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली मी आणि माळीबुवा, एवढेच असायचो. माळीबुवांना ऐकू कमी यायचं. तरी मी त्यांच्याशी बोलायचे, आणि ते चुकीच्या जागी हसायचे. तेवढंसुद्धा बरं वाटायचं.

डबा लावला तो कॉलेजमागच्या वैनींच्या खानावळीत. दोन्ही वेळचा डबा परवडणारा नव्हता, म्हणून एका वेळचा. चार पोळ्या, भाजी, वरण, भात. दुपारी बाराला डबा यायचा, तेव्हा आधी भात संपवायचा, कारण तो संध्याकाळपर्यंत आंबतो. दोन पोळ्या दुपारी, दोन कागदात गुंडाळून रात्रीसाठी. भाजी मात्र अशी वाटता येत नाही. भाजी दुपारीच संपायची, मी कितीही शहाणपणा केला तरी. मग रात्रीची पोळी तिखट-मिठाबरोबर. हे काही उपासमार म्हणण्यासारखं नव्हतं. मीही तेव्हा त्याला भूक म्हणत नव्हते. 'आज अभ्यासात लक्ष लागत नाही' असं म्हणायचे. चार वाजता सूक्ष्मदर्शकातून पाहताना पेशींच्या भिंती हलायला लागत, तर मला वाटायचं भिंगच खराब आहे. आता मी स्वतः शिकवते. वर्गात एखादी पोर भिंगाबद्दल तक्रार करू लागली की आधी सकाळपासून काय खाल्लं ते विचारते, भिंग नंतर बघते.

संध्याकाळी सात-साडेसातला मायचा फोन यायचा. बटणांचा छोटा मोबाइल, त्यावर तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तिचा पहिला प्रश्न कधी बदलला नाही.

"जेवली का वं शिले?"

"हो, जेवली."

"काय होतं?"

इथे मी अडकायचे. तिखट-मीठ कसं सांगणार? पण नेमक्या त्याच वेळेला काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास सुटलेला असायचा. खिडकी माझ्या दारासमोर, मधे फक्त नळ. त्या वासावरून मला सगळं कळायचं. लसूण आधी पडला की मोहरी, वांगं भाजून घेतलंय की चिरून, बेसनात कांद्याची पात आहे की नाही. मी डोळे मिटून मायला सांगायचे, "वांग्याची भाजी होती, झणझणीत. भाकर होती. वरून कच्चं तेल घेतलं." ती खूश व्हायची. "चांगली मेस भेटली वं तुले, भाकर बी देते!" असं वर्षभर काकूंच्या घरचं जेवण मी फोनवरून पुण्याला पोचवलं. माय पुढे कितीतरी दिवस त्या मेसवालीला दुवा देत असे.

माझ्या प्रकल्पाचा विषय होता रानभाज्या. ही निवड सरांची. मला वाटतं त्यांनी चांगल्या मनानं केली. खेड्यातली मुलगी आहे, हिला सोपं जाईल. पावसाळाभर मी शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यांनी फिरले. तरोटा, घोळ, पाथरी, चिवळ, कुंजर, अंबाडी. प्रत्येक भाजी मुळासकट काढायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, नाव-गाव-दिनांक लिहून जाड कागदावर चिकटवायची. यातली एकेक भाजी मायच्या हातची कशी लागते ते मला ठाऊक होतं. चिवळीत मुगाची डाळ घालतात, तरोट्याला नुसता कांदा पुरतो. पण शिजवायची कुठे? आणि नमुन्यांना कीड लागू नये म्हणून चिकटवण्याआधी ते विषारी पाण्यातून बुडवून काढायची पद्धत होती. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, मी खायच्या भाज्या विषात बुडवत होते आणि त्याबद्दल मला चांगले गुण मिळणार होते. एकदा घोळीची चार पानं मी तशीच कच्ची खाल्ली, प्रयोगशाळेत, पाठ फिरवून. आंबूस, चिकट. चोरी केल्यासारखं वाटलं, खरं तर ती मीच उपटून आणलेली होती.

दिवाळीत खानावळ बंद होती. पुण्याला जायचं तर तिकिटाचा आणि शेडमध्ये झोपायच्या जागेचा प्रश्न, म्हणून मायनेच नको म्हटलं. मी एक दिवस उगाच गावाला गेले. का गेले, विचारू नका. घराला कुलूप आहे हे माहीत होतं. ओट्यावर धूळ, दारात कुणाच्या तरी कोंबड्या. मी ओट्यावर बसून राहिले. समोरची कौतिकामावशी, जिच्या हातचं मी लहानपणी पोटभर खाल्लेलं, बाहेर आली. "अवं शिली! कवा आली? जेवली का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवून आली मावशी." का निघालं तेही विचारू नका. सकाळपासून चहावर होते. तिच्या घरात करंज्या तळल्याचा वास येत होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, काहून नाही जेवली? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. शिकायला गेलेली पोर उपाशी आहे हे गावात मायच्या नावानं बोललं गेलं असतं. म्हणून जेवून आली. त्या दोन शब्दांची मला इतकी सवय लागली की ते खोटं आहे हे माझं मलाच ऐकू येईनासं झालं. संध्याकाळच्या बसनं परत आले. बसमध्ये एक बाई लेकराला लाडू भरवत होती, मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मला रडू आलं. लाडवासाठी आलं, उगाच मोठं कारण सांगत नाही.

तरी ते सगळं निभलं असतं. निभलं नाही ते मे महिन्यात. प्रकल्प सादर करायचा होता, तोंडी परीक्षा महिनाअखेरीस, आणि कॉलेजची बाकी मुलं केव्हाच घरी गेलेली. वैनींनी डबा देताना सांगितलं, "पोरी, उद्यापासून बंद बरं. लगीनसराई हाये, ऑर्डरी घेतल्या म्या. महिनाभर आता डबे नाही." दुसऱ्या दोन खानावळी पाहिल्या. त्याही बंद. विद्यार्थीच नाहीत तर मेस कुणासाठी चालवायची? हॉटेलात रोज जेवण्याची माझी ऐपत नव्हती. सगळ्या वाशिमभर मांडव पडलेले, बँड वाजताहेत, रस्त्यावर पत्रावळींचे ढीग, आणि मी फुटाणे आणि गूळ आणून खोलीत बसलेली. फुटाणे, मुरमुरे, केळी, पुन्हा फुटाणे. मधे एकदा हुशारी केली. पाणी तापवायच्या रॉडवर बादलीत दोन अंडी उकडायला ठेवली. अंडी उकडायच्या आत फटकन आवाज झाला आणि अख्ख्या घराची लाइट गेली. आतून काका ओरडले, त्यांची मॅच चालू होती. काकू अंगणात आल्या. मी बादलीवर टॉवेल टाकला. "अंघोळीचं पानी तापवत होती," म्हटलं. दुपारचे दोन, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि ही गरम पाण्यानं अंघोळ करते! काकूंनी आधी बादलीकडे पाहिलं. मला विचित्र नजरेनं पाहून गेल्या. अंडी मी अर्धी कच्ची खाल्ली.

डबा बंद होऊन पंधरा दिवस झाले होते त्या सकाळी मी नळावर बादली लावून उभी होते. समोरच्या घरचे आबाजी आले. त्यांच्या नातीचं लग्न होतं. पांढरी टोपी, खांद्यावर हळदीचे डाग पडलेला टॉवेल. काकूंच्या मागच्या दारात उभे राहून ते मोठ्यानं म्हणाले, "बाई, आज संध्याकाळी मांडवाचं जेवन. चूलबंद आवतन हाये बरं का!"

हा शब्द ऐकला आणि बादली भरून वाहू लागली तरी मी नळ बंद केला नाही. आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एक, म्हणजे घरातलं एकच माणूस जेवायला जाणार. दुसरं चूलबंद. त्या घरात त्या वेळी चूल पेटवायचीच नाही. म्हातारीकोतारी, लेकरं, आलेगेले पाहुणे, सगळ्यांनी जेवायला जायचं. आमच्या गावात तर चूलबंद असलं आणि तेवढ्यात कुणी बसमधून उतरलं, तरी त्यालाही ओढून नेत. त्या घरात आहेस ना, मग त्या चुलीतला आहेस. मी बादली भरून खोलीत आणली आणि पलंगावर बसून वकिलासारखा विचार केला. माझी स्वतःची चूल नाही. ती नसावी ही काकूंचीच अट. मी राहते या घरात. म्हणजे मी काकूंच्या चुलीतली. म्हणजे मला आवतन आहे. दोन-तीनदा उलटसुलट तपासून पाहिलं. कुठे चूक सापडली नाही. सापडावी अशी इच्छाही नव्हती.

संध्याकाळी मी चांगला ड्रेस घातला आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसले. पत्रावळीवर मीठ आलं, लिंबाची फोड आली, बुंदी आली, मग वांग्याची तर्रीदार भाजी. वाढणारे पोळ्या घेऊन येत होते. मी हात मांडीवर ठेवून वाट पाहत होते. आबाजी स्वतः पंगतीतून फिरून विचारपूस करत होते. माझ्यासमोर थांबले. ओळख पटेना त्यांना.

"हे कोनाकडची वं पोरगी?"

मी म्हणाले, "काकूंच्या घरची. त्यांच्या चुलीतली."

काकू तीन पानं सोडून बसल्या होत्या. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यात मांडवातला गलका.

"आमच्या चुलीतली नाही ते! भाड्यानं राह्यते."

त्या पुढेही काही बोलल्या, पण मला ऐकू आलं नाही. दोन्ही बाजूच्या बायकांनी माना वळवलेल्या दिसल्या, एवढंच. मी उठले. वाढलेल्या पानावरून उठले. आमच्याकडे, त्यांच्याकडे, कुणाकडेही याहून मोठा अपमान यजमानाचा होत नाही, आणि ते कळत असूनही मी उठले. सगळी पंगत मान वर करून पाहत होती. माझी चप्पल सापडेना, अनवाणीच रस्ता ओलांडला.

खोलीत येऊन बॅग काढली. कपडे कोंबले. नमुन्यांचे गठ्ठे दोरीनं बांधायला घेतले आणि तिथे थांबले. जायचं कुठे? गावच्या घराला कुलूप. पुण्याच्या शेडमध्ये तीन माणसं आधीच कुशी बदलत झोपतात. आणि आत्ता गेलं की तोंडी परीक्षा चुकणार, वर्ष जाणार, आणि माझ्यासारखीचं एकदा गेलेलं वर्ष पुन्हा येत नाही, हे मला माझ्याच गल्लीतल्या चार पोरींवरून माहीत होतं. मी त्या गठ्ठ्यांमध्ये जमिनीवर बसले. आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतरही मी इतकी एकटी कधी नव्हते. नवरा गेला तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान रडायला माणसं जमली होती.

दारात सावली पडली. आबाजी होते. टोपी हातात. त्यांच्या मागे काकू, श्वास लागलेला.

"बाई," आबाजी म्हणाले, सत्तरी उलटलेला माणूस मला बाई म्हणाला, "चुकलं आमचं. तुमाले येगळं आवतन द्याले पायजे होतं, ते राह्यलं. आता देऊन राह्यलो. चूलबंद आवतन हाये. चाला."

मी दोरीची गाठ मारत राहिले. ते रीतीप्रमाणे आत बघू लागले, चूल खरंच विझलेली आहे ना ते पाहावं तसे. पलंग, बॅग, गठ्ठे. त्यांची नजर कोपऱ्याकोपऱ्यातून फिरून परत आली.

"चूल कुठं हाये तुमची?"

"नाही चूल."

"नाही म्हंजे? मंग खाता काय?"

जेवून आले, असं म्हणायला तोंड उघडलं. सवयीनं. पण या माणसानं मला आत्ताच पानावरून उठताना पाहिलं होतं.

"फुटाणे," मी म्हणाले.

आबाजी काकूंकडे वळले. "काहून वं बाई, तुह्या चुलीत हे नाही. सोताची चूल हिले नाही. मंग हे हाये कोनाच्या चुलीत? मानूस हाये का नाही हे?"

"डबा येते तिचा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला मी.

"पंधरा दिवस झाले बंद होऊन," मी म्हणाले.

"मंग सांगाव नाही? तोंड नाही तुले?"

"तुमी इचारलं कधी?" मी ओरडले. शुद्ध, प्रमाण, प्रयोगशाळेतली सगळी भाषा गळून पडली. "वर्ष झालं, रोज माह्या दारासमोर लसन जाळता तुमी, कधी इचारलं, पोरी जेवली का?"

काकू उंबऱ्याशी उभ्या. खालचा ओठ दातात धरलेला. मग त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

"ताटावरून उठून आली. पयले जेव. भांडन मंग करू."

मी गेले. शेवटची पंगत बसली होती. वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, वर तूप. समोर काकू बसल्या, जेवल्या नाहीत, पाहत होत्या. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भूक मोठी होती. मी किती जेवले ते सांगत नाही. वाढणारी बाई दोनदा हसली, तिसऱ्यांदा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर काकू अंगणाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली चिखल तुडवत होत्या. काळी माती, त्यात कुटार. "खोलीत नाही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "इथं निंबाखाली घाल चूल. हात लाव. ज्याची चूल त्यानंच घडवा लागते." आम्ही दोघींनी मिळून चूल घातली. थापता थापता त्या म्हणाल्या, "म्या आबाजीले टोकलं होतं. भाडोत्र्याले येगळं आवतन लागते, नाही तं तो चोरावानी जेवते. 'हिचं आवतन राह्यलं तुमचं,' असं म्हनली म्या. तू अर्धं आयकलं अन् उठली." अर्धं ऐकलं हे खरं. पण आमच्या चुलीतली नाही, हे अर्धंही खोटं नव्हतंच. ते मी बोलले नाही. चूल खोलीत का नाही, अंगणात का, हेही विचारलं नाही. उन्हात दोन दिवसांत चूल वाळली. काकूंनी नळापाशी डबाभर ज्वारी आणून ठेवली. "सोंडे लागून राह्यले, दळून आन, नाही तं वाया जाईल." मी ज्वारी पसरून पाहिली. एकही सोंडा नव्हता, कीडच नव्हती.

मग मी शिजवू लागले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या पेटवायच्या, भाकर थापायची, बेसन, कधी डाळ. पोट भरू लागलं. एकटेपणा मात्र तसाच राहिला, उलट वाढला म्हणा. निंबाखाली एकीनं एकीसाठी भाकर करायची आणि एकीनंच खायची, यात पूर्वीच्या फुटाण्यांपेक्षा जास्त काहीतरी उघडं पडायचं. समोर काकूंचं दार. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही, मी पाऊल टाकलं नाही. कधी त्या दारातून ओरडायच्या, "जाळ कमी कर, भाकर जळून राह्यली!" एवढाच आमचा संवाद. तोंडी परीक्षा चांगली झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यातल्या किती भाज्या तुम्ही स्वतः खाल्ल्या आहेत? मी म्हणाले, लहानपणी सगळ्या, प्रकल्प करताना शिजवलेली एकही नाही. ते विनोद समजून हसले.

खोली सोडायच्या दोन दिवस आधी मला काय सुचलं कोण जाणे. मागच्या दारानं नाही, रस्त्यावरून वळसा घालून पुढच्या दारात गेले. काका खुर्चीत होते, काकू सुपात डाळ पाखडत होत्या. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "उद्या दुपारी माह्याकडे जेवाले या. चूलबंद आवतन हाये."

काकांनी काकूंकडे पाहिलं. सूप थांबलं. काकू किती तरी वेळ डाळीतला एक खडा शोधत राहिल्या. "पाहू," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या 'पाहू'चा अर्थ मला चांगला ठाऊक होता. आमच्या घरी बाबांच्या ओळखीचे मोठे लोक कधीमधी आवतनाला मान देऊन यायचे, पण ते घरून जेवून येत. मायनं दिवसभर खपून केलेल्या पानावर दोन घास टेकवायचे, वा वा म्हणायचे, 'पोट भरेल हाये' म्हणायचे आणि हात धुवायचे. माय रात्री उरलेलं अन्न झाकत बसायची. काकूही तशाच येतील. आल्या तर. मी तरी वाळवलेली हरभऱ्याची भाजी मिळवून आणली, मिरच्या आणल्या, आणि संध्याकाळभर स्वतःला शिव्या दिल्या.

सकाळी मी चुलीतली राख काढत होते. मागच्या दारातून काका आले. अंगात बनियन, हातात रिकामा कप, चेहरा त्रासलेला.

"शिले, तुहं आवतन दुपारचं हाये ना वं?"

"हो काका."

"मंग हे बाई सकायपासून गॅस काहून पेटवून नाही राह्यली? म्हनते, आज आपली चूल बंद हाये. मले चाय बी नाही भेटला अजून!"

आतून काकूंचा आवाज आला, नेहमीचा, गल्लीला ऐकू जाईल असा. "चूलबंद म्हंजे चूलबंद! चाय पायजे तं तिच्या चुलीवरचा मांग!"

काकांनी कप माझ्यापुढे धरला. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. मी चाचपडत काड्याची पेटी शोधली.